मेसचं ताट आणि त्यातली उणीव: पुण्यात एकट्यानं राहणाऱ्यांसाठी पोषणाचा पहिला धडा

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुलामुलींचं खाणं थोड्याच दिवसांत एका ठरावीक वळणावर येतं. सकाळी चहा आणि पोहे, घाई असेल तर वडापाव. दुपारी मेसचं ताट: चार पोळ्या, बटाट्याची किंवा कोबीची भाजी, पातळ आमटी, थोडा भात. संध्याकाळी पुन्हा चहा आणि खारी. रात्री तेच ताट, कंटाळा आला तर पार्सल. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी असो की हिंजवडीत शिफ्ट करणारी मुलगी, फार फरक नसतो. पोट भरतं, कधी वजनही वाढतं. तरी दुपारी डोळे मिटायला लागतात, जिना चढताना दम लागतो, केस गळतात.

मग कुणीतरी प्रोटीन पावडर सुचवतं, कुणी मल्टिव्हिटॅमिन. दोन्हींवर पैसे घालण्याआधी आपल्या ताटात नक्की काय कमी आहे ते पाहा. बहुतेकांच्या ताटात ऊर्जा पुरेशी असते. कमी पडतात त्या मोजक्या गोष्टी: प्रथिनं, लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. त्यातल्या बऱ्याचशा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आणि मंडईत मिळतात. त्या कशा मिळवायच्या, हे पुढे क्रमानं सांगते.

१. तीन दिवस लिहून काढा

दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. जे तोंडात गेलं ते सगळं लिहा, चहाचे कपही, आणि वेळही. वेळ का, ते लोहाकडे आलो की कळेल. कॅलरी मोजत बसू नका, त्यासाठी मोबाइलमधलं अॅपही नको. वहीत प्रत्येक दिवसापुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा: डाळ किंवा कडधान्य किती वाट्या? दूध, दही किंवा ताक किती? हिरवी पालेभाजी होती का? फळ होतं का?

ही चार उत्तरं पाहिली की अर्धं चित्र समोर येतं.

२. शरीराला काय लागतं, थोडक्यात

आवश्यक पोषकद्रव्यं म्हणजे शरीराला लागतात, पण ते स्वतः तयार करू शकत नाही किंवा पुरेशी करू शकत नाही, अशी द्रव्यं. ती खाण्यातूनच यावी लागतात. अशी साधारण चाळीस आहेत. त्यात प्रथिनांतली नऊ अमायनो आम्लं, दोन स्निग्धाम्लं, तेरा जीवनसत्त्वं आणि बरीच खनिजं येतात. सगळी पाठ करायची गरज नाही.

कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ मुख्यतः ऊर्जा देतात. एक ग्रॅम कर्बोदकातून ४ किलोकॅलरी मिळतात, एक ग्रॅम तेलातून किंवा तुपातून ९. प्रथिनं स्नायू, त्वचा, केस, रक्तातली आणि पचनातली शेकडो द्रव्यं घडवतात. जीवनसत्त्वं आणि खनिजं अगदी थोडी लागतात, पण ती नसतील तर बाकीचं काम अडतं. लोह नसेल तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही. आयोडीन नसेल तर थायरॉइड ग्रंथीला तिचं संप्रेरक बनवता येत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्यानं दिली. दिवसाला साधारण २००० किलोकॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांनी सुचवलेलं प्रमाण असं आहे: २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्यातला काही भाग अंडी-मासे-मांस), ३०० मिलिलिटर दूध किंवा दही, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ३५ ग्रॅम दाणे-तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप. डाळी-धान्यांची वजनं कच्च्या मालाची आहेत.

आता तुमची वही काढा. धान्य बहुधा जास्तच भरेल. ८५ ग्रॅम डाळ म्हणजे कोरडी डाळ जवळजवळ अर्धी वाटी. मेसच्या पातळ आमटीच्या एका वाटीत तिचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा असतो.

३. प्रथिनं: डाळ घट्ट करा, कडधान्य रोज आणा

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, अशी शिफारस आहे. आपला भर पोळी-भातावर असतो आणि धान्यातल्या प्रथिनांचा दर्जा थोडा कमी असतो, म्हणून मी सरळ किलोमागे १ ग्रॅम धरायला सांगते. वजन ५५ किलो तर ५५ ग्रॅम.

मेसच्या ताटाचा हिशोब मांडून पाहू. एका पोळीत साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चार पोळ्यांचे १२. भाताचे ३, पातळ आमटीचे ३, भाजीचे २. एका जेवणाचे झाले २०. दोन्ही जेवणांचे ४०, सकाळच्या पोह्यांचे ४. अकरा ग्रॅम कमी पडले, आणि जे मिळाले त्यातलेही बहुतेक धान्यातले.

ही तूट भरणं सोपं आहे. एक वाटी मोड आलेल्या मटकीच्या उसळीत ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. मूठभर फुटाण्यांत ६, मूठभर शेंगदाण्यांत ७, एका अंड्यात ६, मोठा पेला दुधात ८. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी रोज ठरवून खा. संध्याकाळच्या खारीऐवजी फुटाणे-शेंगदाणे खाल्ले तर अर्ध्याहून जास्त काम तिथंच होतं.

धान्य आणि डाळ एकत्र खायची आपली जुनी रीत पोषणाच्या दृष्टीनं फार चांगली आहे. गव्हा-तांदळात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन कमी, ते धान्यात असतं. वरणभात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, थालीपीठ हे सगळे पदार्थ एकमेकांची कमतरता भरून काढतात. दोन्ही एकाच घासात असायला हवीत असं नाही, दिवसभरात मिळाली तरी चालतं.

मेसच्या काकूंशी बोला. "काकू, मला भात नको, त्याऐवजी वरण घट्ट द्याल का?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही, आणि बहुतेक काकू ऐकतात. डबा लावला असेल तर आठवड्यातून निदान चार वेळा उसळ असावी हे आधीच ठरवून घ्या, लागले तर थोडे पैसे जास्त द्या. मिसळ खायची तर जरूर खा, मटकीची उसळ चांगलंच अन्न आहे. फक्त तर्री आणि फरसाण कमी घ्यायला सांगा.

खोलीवर गॅस नसेल तरी मोड आणता येतात. मटकी किंवा मूग रात्री भिजत घाला, सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा. दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आल्यावर क जीवनसत्त्व वाढतं आणि लोह-जस्त अडवून ठेवणारं फायटिक आम्ल कमी होतं. मात्र मोड कच्चे खाऊ नका, विशेषतः पावसाळ्यात. मोड येण्याच्या ओलसर उबेत जंतूही वाढतात. इलेक्ट्रिक किटलीतल्या उकळत्या पाण्यातही मूग आठ-दहा मिनिटांत शिजतात.

स्वतः पोळ्या करत असाल तर आणखी एक उपाय आहे. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन घालून गिरणीतून दळून आणा. सोयाबीन आधी नीट भाजून घ्या, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्यं असतात. पोळीची चव फारशी बदलत नाही. गिरणीवाल्याला आधी विचारा, काही जण सोयाबीन दळत नाहीत.

उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी हमखास असते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातूनच. वरईचा भात आणि दाण्याची आमटी, राजगिरा आणि दूध, सोबत दही असा उपवास अंगाला जास्त लागतो.

४. लोह: काय खाता याइतकंच कशासोबत खाता हे महत्त्वाचं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, पण लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे. शिफारस अशी आहे: पुरुषांना रोज १९ मिलिग्रॅम लोह, पाळी येणाऱ्या स्त्रियांना २९. मुलींना जास्त लागतं आणि डाएटच्या नादात त्याच कमी खातात, याची मला फार काळजी वाटते.

शाकाहारी जेवणातलं लोह शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं. मांस-मासळीतलं त्याहून बरंच चांगलं. पण शाकाहारी लोहाचं शोषण दोन गोष्टींनी खूप बदलतं, आणि दोन्ही तुमच्या हातात आहेत.

पहिली, क जीवनसत्त्व. ते जेवणासोबत असेल तर लोह चांगलं शोषलं जातं. म्हणून उसळीवर, पोह्यांवर, वरणभातावर लिंबू पिळा. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं, तेव्हा लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. थंडीत मंडईत आवळे आणि पेरू येतात. लिंबापेक्षाही या दोन्हींत क जीवनसत्त्व कितीतरी जास्त असतं. दुपारच्या जेवणाबरोबर पेरूच्या दोन फोडी खाल्ल्या तरी पुष्कळ झालं. कोशिंबीर, कच्ची कोथिंबीर, आवळ्याचं ताजं लोणचं, सगळं उपयोगी.

दुसरी गोष्ट चहा. चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यात शोषू देत नाहीत. पोह्यांसोबत चहा आणि जेवणावर चहा, म्हणजे खाल्लेल्या लोहाचा बराच भाग वाया. चहा सोडायची गरज नाही. जेवण-नाश्त्याच्या आधी आणि नंतर तासभर अंतर ठेवा. वहीत वेळ लिहायला सांगितली होती ती यासाठी. या यादीतला सर्वांत स्वस्त बदल हाच आहे. त्याला एक पैसा लागत नाही, तरी सर्वांत अवघड हाच जातो, कारण पोह्यांच्या गाडीला लागूनच चहाची टपरी असते.

लोह मिळतं कशात? बाजरीत १०० ग्रॅममागे ६ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत साधारण ३. मटकी, मसूर, चवळी, हरभरा यांत चांगलं असतं. तीळ, अळीव, कारळे आहेत. माठ, चवळई, शेपू, मेथी या पालेभाज्यांतही असतं. पालकाचं नाव मात्र जरा उगाच मोठं झालंय. त्यातल्या लोहाचा फार थोडा भाग शरीराला मिळतो. पालक जरूर खा, पण रक्त वाढवायचं म्हणून त्याच्यावर विसंबू नका. गुळाचंही तसंच. गुळातून लोह मिळवायचं तर इतका गूळ खावा लागेल की साखरेचाच त्रास होईल.

थंडीत पुण्यात बाजरी आणा. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभरा, वाटाणा, पावटा, वांगं, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी, वर लोण्याचा गोळा: आपल्याकडचं हे उत्तम पोषक ताट आहे, आणि ते वर्षातून एकदाच खावं असा काही नियम नाही. लोह जास्त असलेलं धनशक्ती नावाचं बाजरीचं वाणही महाराष्ट्रात २०१२ पासून आहे. शेतकरी आठवडे बाजारात एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा. घरी करत असाल तर लोखंडी कढई आणि तवा वापरा. आमसूल-टोमॅटोची आंबट भाजी त्यात शिजली की थोडं लोह अन्नात उतरतं. फक्त भाजी त्यातच झाकून ठेवू नका, काळी पडते.

५. बी-१२: शाकाहारींनी इथं जरा थांबा

याबद्दल पुण्यात फार मोलाचं संशोधन झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि परिसरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळलं, आणि सर्वांत जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं. म्हणजे खाऊन-पिऊन सुखी घरांत.

कारण सरळ आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि ते आपल्याला प्राणिजन्य अन्नातूनच भरवशानं मिळतं: दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे, मांस. डाळी, भाज्या, फळांत ते नसतं. चहापुरतंच दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसाला ते पुरत नाही. लागतं फार थोडं, दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण तेही रोजच्या खाण्यातूनच यावं लागतं. यकृतात त्याचा साठा असतो, म्हणून कमतरता कळायला कधी काही वर्षं जातात. हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, जीभ लाल होणं, वारंवार तोंड येणं, लक्ष न लागणं ही लक्षणं हळूहळू येतात आणि आपण ती अभ्यासाच्या ताणावर ढकलतो.

शाकाहारींनी रोज निदान दोन मोठे पेले दूध-दही-ताक घ्यावं, चहातलं वेगळं. अंडी चालत असतील तर रोज एक. दूधही न घेणाऱ्यांना बी-१२ची गोळी किंवा बी-१२ मुद्दाम घातलेलं अन्न घ्यावंच लागतं, त्याला दुसरी वाट नाही. फॉलिक अॅसिडची एकटी गोळी मनानं सुरू करू नका. तिनं रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ कमीच असेल तर नसांचं नुकसान चालूच राहतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी किंवा पित्ताची औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांनीही बी-१२ तपासून घ्यावं.

याच गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या आयांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त होती, त्यांची बाळं जन्मतः आकारानं मोठी होती. पालेभाजीची जुडी निवडायचा कंटाळा आला की मला हा अभ्यास आठवतो.

६. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

कॅल्शियम रोज १००० मिलिग्रॅम लागतं. मोठ्या पेलाभर दुधात ३०० च्या आसपास असतं, नाचणीच्या एका भाकरीत पावणेदोनशे-दोनशे. तीळ भरपूर कॅल्शियमचे. रोज एक चमचा तिळाची चटणी खाल्ली तरी भर पडते. शेवग्याचा पाला मिळाला तर सोडू नका, पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत शेवग्याचं झाड असतं आणि पाला झाडूनच टाकला जातो.

हे कॅल्शियम शोषायला ड जीवनसत्त्व लागतं. ते अन्नात फारच कमी असतं, त्वचेवर ऊन पडलं की तयार होतं. सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्यात अगदी थोडे असतात. साधारण अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसणं जास्त कामाचं, आणि काचेमागून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. उन्हाळ्यात त्वचा भाजेपर्यंत बसू नका. पावसाळ्यात पुण्यात आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, ऑफिसात बसणाऱ्यांना तर उन्हाळ्यातही नाही. त्यामुळे कमतरता खूप जणांत असते. साठ हजार युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितली तेवढीच आणि तेवढेच आठवडे घ्या. जास्त झालेलं ड जीवनसत्त्व शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

७. तेल, मीठ, भाज्या

तेल दिवसाला पाच-सहा छोटे चमचे पुरे. मेसमध्ये ते तुमच्या हाती नसतं, म्हणून निदान बाहेरचं तळलेलं आठवड्यातून एक-दोनदाच. जवसाची चटणी डब्यात भरून ठेवा. शाकाहारी माणसाला ओमेगा-३ हे आवश्यक स्निग्धाम्ल जवसातून सहज मिळतं.

मीठ सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट छोटा चमचा. लोणचं, पापड, फरसाण, इन्स्टंट नूडल्स यातलंही त्यातच धरा. मीठ आयोडीनयुक्तच घ्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. सैंधव मिठात सहसा आयोडीन घातलेलं नसतं, तेव्हा रोजच्या जेवणाला तेच एक वापरू नका.

भाज्या ४०० ग्रॅम ऐकून दडपायला होतं. एक वाटी पालेभाजी, एक वाटी फळभाजी, काकडी-गाजर-टोमॅटोची कोशिंबीर, झालं. बटाटा यात धरू नका.

८. आठवड्याची खरेदी

रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत किंवा जवळच्या आठवडे बाजारात जा. पालेभाजीच्या दोन जुड्या, अर्धा डझन लिंबं, काकडी-गाजर, हंगामातलं एकच फळ पण भरपूर. थंडीत पेरू, उन्हाळ्यात कलिंगड. अंजीर आणि सीताफळ पुरंदरकडून येतात, तेव्हा हंगामात ती ताजी मिळतात. किराणा दुकानातून अर्धा किलो मटकी, अर्धा किलो मसूर, पाव किलो फुटाणे, पाव किलो शेंगदाणे, थोडे तीळ आणि जवस. दूध-तेल घेताना पिशवीवर निळं एफ-प्लस चिन्ह आहे का पाहा. ते असलेल्या दुधात आणि तेलात अ आणि ड जीवनसत्त्व घातलेलं असतं.

हे सगळं एकाच आठवड्यात सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात चहाची वेळ बदला आणि लिंबू आणा. दुसऱ्या आठवड्यात रोज एक वाटी उसळ. तिसऱ्यात दूध-दही. कडधान्यं एकदम वाढवली तर पोट फुगतं, म्हणून हळूहळू वाढवा, पाणी जास्त प्या आणि उसळीत हिंग-आलं घाला.

९. डॉक्टरकडे कधी जायचं

थकवा, केस गळणं, मुंग्या ही लक्षणं थायरॉइड, मधुमेह, कमी झोप अशा अनेक कारणांनी येतात. महिनाभर नीट खाऊन फरक पडला नाही तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. हिमोग्लोबिन स्त्रियांमध्ये १२ च्या आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली गेलं तर त्याला रक्तक्षय म्हणतात. एकदा ते झालं की नुसत्या आहारानं भरून यायला फार वेळ लागतो, गोळ्या लागतातच. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर चांगली. शौचाला काळं होणं या गोळीनं अपेक्षित आहे, घाबरून ती बंद करू नका. पाळीत खूप रक्तस्राव होत असेल, वजन आपोआप उतरत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा गोळ्या न घेताही शौच काळं होत असेल, तर महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवा.